खिळ्यावरचा चिमणा

मुंबईच्या खेतवाडी भागातील एका घराच्या आवारात घोड्यांचा तबेला होता. विसावे शतक नुकतेच उजाडले होते. मोटारी अजून रस्त्यावर क्वचितच दिसत आणि सुखवस्तू घराण्यांच्या दारी घोडागाडी उभी असे. जेथे घोडे तेथे दाणा, आणि जेथे दाणा तेथे चिमण्या, हे ठरलेलेच. तबेल्याच्या भिंतीतील एका भोकात चिमण्यांच्या एका जोडप्याने घरटे केले होते. मादी आत अंड्यांवर बसे. भोकाच्या तोंडाशी एक खिळा होता. नर त्या खिळ्यावर बसून राखण करी.

एके दिवशी दहा वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा तबेल्यात उभ्या असलेल्या गाडीच्या आड दबा धरून बसला. त्याच्या हाती छर्ऱ्याची बंदूक होती. या बंदुकीत दारू नसते. दाबून धरलेली स्प्रिंग सुटली की आतील हवा एकदम रेटली जाते आणि तिच्या जोराने शिशाचा लहानसा छर्रा नळीतून बाहेर फेकला जातो. माणसाचा डोळा जायला आणि चिमणीचा जीव जायला तेवढा पुरतो. मुलाने नेम धरला, चाप ओढला आणि खिळ्यावरचा चिमणा खाली पडला.

येथवर नवल करण्याजोगे काही नव्हते. नवल घडले ते पुढेच. थोड्याच वेळात त्याच खिळ्यावर दुसरा चिमणा येऊन बसला. मादीला नवा जोडीदार मिळाला होता आणि तो पहिल्यासारखाच पहारा देऊ लागला होता. मुलाने त्यालाही टिपले. पुन्हा काही वेळ गेला आणि तिसरा नर खिळ्यावर हजर झाला. पुढील सात दिवसांत त्या एकाच खिळ्यावरून मुलाने आठ चिमणे पाडले. जणू तबेल्याबाहेर नरांची रांगच लागली होती; एक पडला की दुसरा पुढे येई.

आठ पक्षी मारल्याची फुशारकी त्या वयाच्या कोणत्याही मुलाने मारली असती. या मुलाने मात्र आणखी एक गोष्ट केली. जे पाहिले ते त्याने लिहून ठेवले. खिळा कोठे होता, नर कोठे बसे, मादी काय करीत होती, किती दिवसांत किती नर आले, हे सारे त्याने टिपले. १९०६-०७ सालचे ते टिपण होते आणि ते लिहिणारा मुलगा म्हणजे पुढे भारतातील पक्ष्यांचा सर्वांत मोठा जाणकार म्हणून जगाला परिचित झालेले सलीम अली.

सलीम मोइजुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. दहा भावंडांत ते सर्वांत धाकटे. ते वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईनेही जगाचा निरोप घेतला. पोरक्या झालेल्या या भावंडांना त्यांचे मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी पोटच्या मुलांप्रमाणे वाढवले. त्या दांपत्याला स्वतःचे मूल नव्हते. स्वातंत्र्यचळवळीत गांधीजींचे सहकारी म्हणून गाजलेले अब्बास तय्यबजी हेही याच घराण्यातले, सलीमचे दुसरे मामा.

अमिरुद्दीन मामांना शिकारीचा मोठा नाद. भाच्याला छर्ऱ्याची बंदूक दिली तीही त्यांनीच. त्या काळी शिकार हा मर्दानी खेळ समजला जाई आणि ज्याचा नेम अचूक त्याचे घरीदारी कौतुक होई. आपण मोठेपणी वाघा-हत्तींची शिकार करणारा नामांकित शिकारी व्हावे, असे सलीमचे स्वप्न होते. वाघ मिळेपर्यंत चिमण्यांवर भागवावे लागे, इतकेच. चिमणीबद्दल कोणाला फारसे काही वाटतही नसे. ती दाणा खाई, घरात काड्या आणून टाकी आणि कितीही हाकलली तरी परत येई. तबेल्यातल्या चिमण्या मारणाऱ्या मुलाला कोणी रागे भरले नाही, यात आश्चर्य नाही.

याच मुलाचे दुसरेही एक रूप होते. घरी स्वयंपाकासाठी तित्तर आणि लावे जिवंत आणले जात. त्यांतील काही पक्षी सलीम मागून घेई आणि खोक्यांच्या पिंजऱ्यात पाळी. त्यांना दाणापाणी देण्यात आणि त्यांचे चालणे-बोलणे पाहण्यात त्याचा वेळ मजेत जाई. सुरीपासून वाचवलेले पक्षी अंगणात आणि बंदुकीने पाडलेले पक्षी हातात, असा हा विलक्षण संसार होता. त्यात काही विसंगती आहे, असे त्या वयात त्याच्या मनातही आले नसावे.

सुटीत ही मंडळी चेंबूरला जात. आजच्या चेंबूरची गर्दी पाहणाऱ्याला खरे वाटणार नाही. पण तेव्हा तो ठाणे जिल्ह्यातील साष्टी बेटाचा एक निवांत कोपरा होता. झाडी, टेकड्या आणि पहाटेच्या वेळी दयाळ पक्ष्याची शीळ. ती शीळ सलीमच्या कानात आयुष्यभर राहिली.

१९०८ च्या सुमारास असाच एक दिवस आला. सलीमने छर्ऱ्याने एक पक्षी पाडला आणि उचलून पाहतो तो काय, दिसायला चिमणीसारखाच, पण गळ्यावर पिवळा ठिपका! असली चिमणी त्याने कधी पाहिली नव्हती. हा पक्षी खाण्यास चालेल की नाही, अशीही त्याला शंका आली. तो मामांकडे गेला. मामांनाही ती चिमणी ओळखता आली नाही. मात्र आपल्याला ठाऊक नाही एवढे सांगून त्यांनी मुलाला वाटेला लावले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सभासद होते. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेत प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास चाले आणि तिच्या सुरुवातीच्या मोजक्या भारतीय सभासदांत त्यांची गणना होई. त्यांनी संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांच्या नावे चिठ्ठी लिहून दिली आणि सलीमला त्यांच्याकडे पाठवले.

गोऱ्या साहेबासमोर जायचे म्हणजे त्या काळी मोठ्या माणसालाही घाम फुटे. मग लहान मुलाची काय कथा! कागदात गुंडाळलेला पक्षी घेऊन सलीम अपोलो स्ट्रीटवरील संस्थेच्या कचेरीत भीत भीत शिरला. परंतु मिलार्ड प्रेमळ गृहस्थ निघाले. त्यांनी तो पक्षी हातात घेऊन पाहताक्षणीच ओळखला. ती पीतकंठी चिमणी होती. मग त्यांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. आपल्या देशात इतक्या तऱ्हांचे, इतक्या रंगांचे पक्षी आहेत, हे त्या मुलाला त्या दिवशी प्रथम कळले. मिलार्ड यांनी त्याला वाचायला पुस्तके दिली आणि पक्ष्यांचा संग्रह करायचा असेल तर त्यांची कातडी कशी टिकवायची, तेही शिकवण्याची व्यवस्था करू, असे आश्वासन दिले. संस्थेचे तरुण अधिकारी किनिअर यांच्याशी त्यांनी त्याची गाठ घालून दिली.

हे काम मोठ्या नजाकतीचे असते. मेलेल्या पक्ष्याचे कातडे पिसांसकट अलगद सोडवायचे, त्याला औषध लावायचे, आत कापूस भरायचा आणि पायाला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, नर की मादी, हे लिहायचे. अशी चिठ्ठी नसलेला पक्षी अभ्यासकाच्या दृष्टीने निरुपयोगी. सलीमला ते लगेच पटले. तबेल्यातील चिमण्यांच्या बाबतीत त्याने आपण होऊन तेच केले होते.

शाळेत मात्र त्याची प्रगती बेताचीच होती. डोकेदुखीच्या विकाराने मध्येच शाळा सुटली. १९१३ साली तो कसाबसा मॅट्रिक झाला. महाविद्यालयात पाऊल टाकले न टाकले तोच घरच्या खाणीच्या आणि लाकडाच्या व्यापारासाठी त्याला ब्रह्मदेशात तवाय येथे जावे लागले. तेथील रानांत पक्षी इतके, की व्यापारात लक्ष लागणार कसे? १९१७ साली सलीम मुंबईस परतले. दावर यांच्या महाविद्यालयात ते हिशेब आणि व्यापारी कायदा शिकू लागले. पण सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी त्यांची खरी ओढ ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवले. पुढच्याच वर्षी त्यांचा तेहमिना यांच्याशी विवाह झाला. इंग्लंडात शिकलेल्या या बाईंनी पतीच्या फिरत्या आणि अनिश्चित संसारात कधी कुरकुर केली नाही.

१९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात प्रेक्षकांना प्राणी-पक्ष्यांची माहिती सांगण्याची नोकरी त्यांना मिळाली. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीत गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात स्ट्रेझेमान या थोर पक्षिशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांना पकडून, पायात कडे अडकवून पुन्हा सोडून देण्याची रीतही त्यांनी तेथे पाहिली. पक्षी न मारताही त्याच्याविषयी पुष्कळ जाणता येते, याचा तो धडा होता. १९३० साली ते परत आले तो पैशांअभावी त्यांची जागाच रद्द झालेली. वय चौतिशीकडे झुकलेले, हाती विद्यापीठाची पदवी नाही आणि नोकरीही नाही.

अशा वेळी हे पतिपत्नी अलिबागजवळील किहीम या समुद्रकाठच्या खेड्यात राहायला गेले. तेथे राहत्या घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्यात कल्याणजवळच्या आंबिवलीपासून अलिबागच्या किनाऱ्यापर्यंत भातशेतीच्या काठी, विहिरींवर झुकलेल्या झाडांना टांगलेली ही घरटी कोणी पाहिली नसतील? शेतकऱ्याच्या लेखी सुगरण म्हणजे कणसातले दाणे टिपणारा चोर. पोरांच्या लेखी गोफणीचा नेम धरण्याची जागा. सलीम अली मात्र आडोशाला बसून तासन्‌तास, महिनोन्‌महिने नुसते पाहत राहिले. तबेल्यातल्यासारखाच दबा, तशीच टिपणवही. फरक इतकाच की या वेळी नेम धरायचा नव्हता.

त्यांना जे दिसले ते तोवर कोणी नीट सांगितले नव्हते. आपल्या भाषेने या पक्ष्याला सुगरण असे बाईचे नाव दिले आहे; परंतु घरटे विणतो तो नर. गवताच्या आणि पात्यांच्या लांब चिरफळ्या आणून तो अर्धे घरटे विणतो आणि थांबतो. मग माद्यांचा थवा येतो. प्रत्येक मादी घरटी आत शिरून, ओढून-ताणून पारखते. एखादे पसंत पडले की ती तेथे मुक्काम करते. मग नर उरलेले घरटे आणि खाली लोंबणारी प्रवेशाची नळी पुरी करतो. मादी अंडी घालून उबवायला बसली की हे महाशय जवळच दुसरे घरटे विणू लागतात आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतात. एका नराचे असे एकामागून एक अनेक संसार होतात. ज्याचे घरटे कोणालाच पसंत पडत नाही, त्याचे ते तसेच अर्धवट लोंबत राहते. तबेल्यात एका मादीला एकामागून एक नर मिळाले होते. येथे एक नर एकामागून एक मादी मिळवीत होता. सलीम अलींचा सुगरणीवरील लेख प्रसिद्ध झाला आणि परदेशातील विद्वानांना हे नाव ठाऊक झाले. नोकरी गेली नसती तर ते किहीमला त्या झाडाखाली बसले नसते.

यानंतर हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ, इंदूर, ग्वाल्हेर अशा संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली. तंबूत राहावे, पहाटे निघावे, मैलोगणती चालावे आणि रात्री कंदिलाच्या उजेडात टिपणे लिहावीत, असा त्यांचा क्रम असे. तेहमिना अनेकदा बरोबर असत. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या. हा घाव फार खोल होता. सलीम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. दोन वर्षांनी, १९४१ मध्ये, भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे सचित्र पुस्तक निघाले आणि हाती दुर्बीण घेऊन रानात जाणारी एक नवी पिढी त्या पुस्तकाने घडवली.

या पाहण्यांत ते पक्षी मारीत नसत असे समजू नये. मारीत. जातीची खात्री करून घेण्यास, एका प्रांतातील पक्षी दुसऱ्या प्रांतातील पक्ष्याशी ताडून पाहण्यास नमुना हातात लागतो, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. मात्र निव्वळ करमणुकीसाठी केलेल्या संहाराची त्यांना चीड होती. १२ नोव्हेंबर १९३८ या दिवशी, म्हणजे नेमक्या त्यांच्या जन्मदिवशी, राजस्थानातील भरतपूरच्या तळ्यावर व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या पाहुणचारासाठी शिकार योजली होती. त्या एका दिवसात ४,२७३ पाणपक्षी मारले गेले. तो आकडा तेथे दगडावर कोरून ठेवला आहे! स्वातंत्र्यानंतर ते तळे शेतीसाठी मोकळे करावे अशी मागणी झाली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना गाठून ते वाचवण्यासाठी खटपट केली. आज तेथे केवलादेव राष्ट्रीय उद्यान आहे.

उपद्रवी म्हणून एखाद्या पक्ष्यावर शिक्का मारण्यापूर्वी तो काय खातो, केव्हा खातो आणि पिलांना काय भरवतो याची वर्षभर नोंद घ्यावी, असा त्यांचा आग्रह असे. चिमणी दाणे खाते हे खरेच. पण पिले लहान असताना ती त्यांना बहुतेक अळ्या आणि किडेच भरवते. हे ध्यानात न घेतल्याचा परिणाम एका मोठ्या देशाने भोगला आहे. १९५८ साली चीनमध्ये उंदीर, माश्या आणि डास यांच्या जोडीला चिमणीलाही शत्रू ठरवण्यात आले. लोकांनी थाळ्या-ढोल बडवून चिमण्यांना खाली बसू दिले नाही. उडून उडून थकलेल्या चिमण्या आकाशातून पडल्या. छर्ऱ्यांनी आणि गोफणींनी असंख्य मारल्या गेल्या. घरटी मोडली, अंडी फोडली. चिमण्या गेल्या आणि शेतांवर किडीची व टोळांची धाड वाढली. त्या काळच्या भीषण दुष्काळास इतर कारणेही होती, पण या संहाराने त्यात भरच घातली. १९६० साली चिमणीचे नाव शत्रूंच्या यादीतून काढून तेथे ढेकणाचे नाव घालण्यात आले.

खेतवाडीच्या तबेल्यात जे दिसले त्याचाही येथे संबंध आहे. आठ नर मारूनही त्या खिळ्यावरील जागा रिकामी राहिली नाही. आसपास जोडीदार न मिळालेले नर पुष्कळ असतात आणि जागा सुटताच ते पुढे येतात. ज्याला चिमण्या नकोशा असतील त्याने भोक बुजवावे आणि दाणा झाकून ठेवावा. बंदुकीने काम होत नाही.

सलीम अलींचा स्वभाव मात्र रुक्ष नव्हता. मोटारसायकल त्यांना अतिशय प्रिय होती. १९५० साली स्वीडनमध्ये उप्साला येथे पक्षिशास्त्रज्ञांची जागतिक परिषद भरली तेव्हा त्यांनी आपली गाडी बोटीने युरोपात नेली आणि तिच्यावर बसून, वाटेत आपटत-धडपडत, ते परिषदेस हजर झाले. हे गृहस्थ थेट हिंदुस्थानातून मोटारसायकलवर आले, असा काही जणांचा समज झाला आणि त्याची त्यांना मोठी गंमत वाटली. त्या वेळी त्यांचे वय ५३ वर्षांचे होते.

अमेरिकन मित्र डिलन रिप्ले यांच्या सहकार्याने त्यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा केला. १९५८ साली पद्मभूषण आणि १९७६ साली पद्मविभूषण हे मान त्यांना मिळाले. १९७६ मध्येच वन्यजीवरक्षणाचे गेटी पारितोषिक मिळाले; त्याची ५०,००० डॉलरची रक्कम त्यांनी निसर्गरक्षणाच्या कामासाठी दिली. ज्या संस्थेच्या दारात ते भीत भीत शिरले होते, ती संस्था पुढे कित्येक वर्षे त्यांनीच सांभाळली. १९८५ साली राष्ट्रपतींनी त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. १९८७ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले.

त्यापूर्वी दोन वर्षे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्यास त्यांनी 'द फॉल ऑफ अ स्पॅरो', म्हणजे एका चिमणीचे पडणे, असे नाव दिले. पिवळ्या गळ्याच्या त्या चिमणीची हकीकत त्यात आहेच. पण त्याचबरोबर लहानपणचे ते टिपणही त्यांनी त्यात छापले. ते लिहिताना शिकारीचा पराक्रम नोंदवावा एवढाच मुलाचा हेतू होता आणि आपण काय पाहिले याचा अर्थ त्यास तेव्हा कळला नव्हता, हे वृद्ध सलीम अलींना ठाऊक होते. तरीही त्यांनी ते झाकले नाही की सुधारले नाही. तबेला, गाडी, खिळा, सात दिवस आणि आठ नर, सारे त्या पानावर तसेच आहे.